वाचकांचे प्रश्न : हौशी माणसांची वेधशाळा आणि आपलं कोल्हापूर

मागच्या अंकात एक छोटी चौकट होती, अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावात कारखान्यातल्या लोकांनी स्वतः दुर्बिणी बनवून स्वतःची वेधशाळा कशी उभी केली त्याबद्दल. त्यावर इतके मेसेज आले की यावेळचं पूर्ण सदर त्यालाच द्यायचं ठरवलं. सगळ्यांची नावं छापत नाहीये, गाव किंवा पेठ तेवढी दिलीय.

प्रश्न : नमस्कार सर, माझं उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ आणि एक मिलिंग. पोरगा आठवीत आहे, त्याला आकाशाचं वेड लागलंय. तुम्ही लिहिलं की कारखान्यातल्या कामगारांनी दुर्बिणी बनवल्या. ती माणसं खरंच आमच्यासारखी होती, की शिकलेली प्रोफेसर मंडळी होती आणि तुम्ही कामगार म्हणताय? (शिवाजी उद्यमनगर)

उत्तर : दादा, अगदी तुमच्यासारखीच होती. स्प्रिंगफील्ड हे व्हर्माँट राज्यातलं छोटं गाव, आणि त्या गावाचं पोट मशीन टूलच्या कारखान्यांवर चालायचं. त्यातला एक मोठा कारखाना जोन्स अँड लॅमसन, टरेट लेथ बनवणारा, म्हणजे फिरत्या बुरुजावर हत्यारं बसवलेला लेथ. त्याचा प्रमुख जेम्स हार्टनेस, हा माणूस स्वतः मशिनिस्ट म्हणून वर आलेला आणि नंतर त्या राज्याचा गव्हर्नरही झाला, त्याला आकाश बघायचा नाद होता. १९१० मध्ये त्याने घराजवळ अशी दुर्बीण बांधली की बघणारा माणूस आत उबेला बसतो आणि दुर्बीण बाहेर थंडीत फिरते, कारण तिकडच्या हिवाळ्यात उघड्यावर तासभर उभं राहणं म्हणजे शिक्षाच. आता बघा, डोक्यात टरेट लेथ होता म्हणून दुर्बीणसुद्धा टरेटवरच सुचली!

याच कारखान्यात १९१९ मध्ये रसेल पोर्टर कामाला आला. हा मूळचा त्याच गावचा, शिक्षण आर्किटेक्टचं, आधी उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमांवर जाऊन आलेला आणि दुर्बिणीचे आरसे स्वतः घासायला शिकलेला. १९२० मध्ये त्याने गावातल्या लोकांसाठी आरसे घासायचा वर्ग सुरू केला. त्यात १५ पुरुष आणि १ बाई, बहुतेक सगळे कारखान्यातलेच. दिवसभर शिफ्ट आणि संध्याकाळी काच घासायची. १९२३ च्या डिसेंबरात त्यांनी रीतसर क्लब काढला, गावाबाहेरच्या टेकडीवर स्वतःच्या हातांनी क्लबहाऊस बांधलं, आणि १९३० मध्ये शेजारी पोर्टरच्या डिझाइनची टरेट दुर्बीण उभी राहिली. त्या जागेला ते स्टेलाफेन म्हणतात. १९२५ मध्ये सायंटिफिक अमेरिकन मासिकाने त्यांच्यावर लेख छापला आणि मग देशभरातून लोकांची पत्रं यायला लागली की आम्हालाही शिकवा. १९२६ मध्ये पहिलं संमेलन भरलं. पुढे पोर्टर कॅलिफोर्नियाला गेला आणि पालोमारच्या २०० इंची दुर्बिणीच्या कामात सामील झाला, म्हणजे तेव्हाची जगातली सगळ्यात मोठी दुर्बीण. पण तो गेला म्हणून टेकडी ओस पडली नाही, कारण आरसा घासता येणारी माणसं तोवर तिथे पुष्कळ झाली होती. ती जागा आजही क्लबच चालवतो आणि लोक आपापल्या बनवलेल्या दुर्बिणी घेऊन तिथे जातात.

अजून एक गोष्ट तुम्हाला आवडेल. तुमच्याकडे नसला तरी एमआयडीसीतल्या मोठ्या कंपन्यांच्या इन्स्पेक्शन रूममध्ये प्रोफाइल प्रोजेक्टर बघितला असेल ना, ज्यात आट्यांची सावली मोठी करून पडद्यावर टाकतात आणि चूक दिसते? त्याची सुरुवात याच हार्टनेस आणि पोर्टर यांनी केली. स्क्रूचे आटे तपासायला त्यांनी पहिला ऑप्टिकल कंपॅरेटर बनवला. दुर्बिणीतून शिकलेलं ऑप्टिक्स सरळ कारखान्यात कामाला आलं.

आता कामाचं सांगतो. सहा इंची आरसा घासायला लेथ लागत नाही. सारख्या आकाराच्या दोन जाड काचा घ्यायच्या, एक खाली घट्ट बसवायची, मधे पाणी आणि कार्बोरंडम पावडर, वरची काच पुढेमागे घासायची आणि थोडी थोडी फिरवत राहायची. वरची मधे खोल होत जाते आणि खालची फुगीर, हे आपोआपच होतं. मग बारीक बारीक पावडर घेत जायची, शेवटी पिचच्या, म्हणजे डांबरासारख्या चिकट पदार्थाच्या थरावर सेरियम ऑक्साइडने पॉलिश. खरी परीक्षा पुढे आहे, पॅराबोलाचा आकार आणायचा असतो आणि तिथे तुमचा मायक्रोमीटर काही कामाचा नाही, कारण चूक एक दशांश मायक्रॉनच्याही आत ठेवायची असते. ती मोजायला फ्रेंच शास्त्रज्ञ फूको याने १८५८ मध्ये काढलेली साधी टेस्ट वापरतात, एक बारीक छिद्रातला दिवा आणि एक ब्लेड. ब्लेड प्रकाशात आणलं की आरशावर उंचसखलपणाच्या सावल्या दिसतात. एवढं स्वस्त आणि एवढं अचूक मोजमाप मला तरी दुसरं माहीत नाही. आणि माउंट, म्हणजे दुर्बीण धरणारा आणि फिरवणारा सांगाडा, बेअरिंग, फोर्क हे सगळं तर तुमचंच काम, त्यात मी तुम्हाला काय शिकवणार. पोराला आरसा घासू दे, तुम्ही माउंट बनवा. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत दुर्बीण बनवायच्या कार्यशाळा झालेल्या आहेत, तिथे चौकशी करा. आणि आयुका ज्यांनी १९८८ मध्ये सुरू केली ते जयंत नारळीकर जन्माने कोल्हापूरचे, १९३८ चा जन्म, हे पोराला नक्की सांगा.

प्रश्न : महोदय, मी निवृत्त विज्ञान शिक्षक आहे. अमेरिकेचं उदाहरण छान आहे, परंतु आपल्या देशात हौशी व्यक्तींनी वेधशाळा चालवल्याचा इतिहास आहे काय? असल्यास त्या टिकल्या का नाहीत? (शाहूपुरी)

उत्तर : सर, इतिहास आहे आणि चांगला जुना आहे, स्टेलाफेनच्या कितीतरी आधीचा. हा प्रश्न तुम्ही विचारलात याचा खरंच आनंद झाला कारण ही माणसं आपल्या शाळेच्या पुस्तकात कुठेच भेटत नाहीत.

पहिलं नाव विशाखापट्टणमचे गोडे वेंकट जग्गाराव. जमीनदार घराणं, मद्रासच्या सरकारी वेधशाळेत जाऊन टेलर साहेबाच्या हाताखाली खगोलशास्त्र शिकले आणि १८४० मध्ये आपल्या गावी स्वतःच्या खर्चाने वेधशाळा काढली. १८५६ मध्ये ते वारले. अशा वेळी सहसा दुर्बीण माळ्यावर जाते, पण इथे त्यांचे जावई अंकितम वेंकट नरसिंगराव पुढे आले. ते सरकारी नोकरीतले, पण सासऱ्यांची वेधशाळा त्यांनी १८९२ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत चालवली, नवीन सहा इंची दुर्बीण आणली, ग्रहणं बघितली, १८७४ च्या डिसेंबरातलं शुक्राचं अधिक्रमण, म्हणजे शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना, बघितलं आणि निरीक्षणं लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीकडे पाठवली. ती तिथे छापून यायची. बंदरातल्या जहाजांना बरोबर वेळ कळावी म्हणून डॉल्फिन्स नोजच्या टेकडीवरून निशाणाने इशारा द्यायची सोय होती, त्याची वेळसुद्धा याच वेधशाळेतून जायची. घरची वेधशाळा, पण गावाच्या रोजच्या कामाची. आज ती राहिलेली नाही.

दुसरी हैदराबादची. नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये आपल्या फिसलबंड्याच्या जागेत वेधशाळा सुरू केली, इंग्लंडहून १५ इंची भिंगाची दुर्बीण मागवली. मात्र या माणसाने एक फार शहाणपणाची गोष्ट केली, आपल्या माघारी ही वेधशाळा सरकारने चालवावी अशी व्यवस्था निजामाकडे आधीच मागून ठेवली. १९०७ मध्ये नवाब गेले आणि पुढच्याच वर्षी निजाम सरकारने ती ताब्यात घेतली. हीच निजामिया वेधशाळा. आकाशाचा नकाशा बनवायचा जो मोठा आंतरराष्ट्रीय प्रकल्प तेव्हा चालू होता त्यात लाखो ताऱ्यांच्या जागा या वेधशाळेने मोजून दिल्या, नंतर ती उस्मानिया विद्यापीठाकडे गेली. नवाबांचा नाद होता म्हणून हे घडलं. पुढे मोठे खगोलशास्त्रज्ञ झालेले वेणू बाप्पू लहानाचे मोठे झाले ते याच वेधशाळेच्या अंगणात, वडील तिथे नोकरीला होते.

आणि याच्या बरोबर उलटं पुण्यात झालं. ती काही हौशी वेधशाळा नव्हती, कॉलेज ऑफ सायन्सची होती, पण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे म्हणून सांगतो. प्रोफेसर कावसजी नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांची देणगी मिळवली आणि महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली. २० इंची आरशाची दुर्बीण, तेव्हा देशातली सगळ्यात मोठी. १८९८ च्या जानेवारीत खग्रास सूर्यग्रहण झालं तेव्हा नायगमवाला आपल्या सोलापूर भागातल्या जेऊरला तळ ठोकून बसले आणि सूर्याच्या प्रभामंडळाचे वर्णपट घेतले. फार मोठं काम. पण सगळं एका माणसावर उभं होतं. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले आणि वेधशाळा बंदच केली गेली, दुर्बीण कोडाईकनालच्या वेधशाळेला पाठवून दिली. पुण्यासारख्या शहरात चोवीस-पंचवीस वर्षांत एकही माणूस असा तयार झाला नाही की ज्याच्या हातात किल्ली द्यावी, हे वाचताना मला दरवेळी वाईट वाटतं.

तर सर, माझं मत स्पष्ट आहे. वेधशाळा पैशाअभावी किंवा ढगांमुळे बंद पडतात असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा ती चालवणारा एकच असतो आणि त्याच्या हाताखाली कोणी नसतो, हे कारण असतं. आपल्याकडच्या तालमी बघा, वस्ताद म्हातारा होईपर्यंत त्याच्या हाताखालची पोरं वस्ताद झालेली असतात, लाल माती कुणा एकाची नसते, पेठेची असते. वेधशाळा तशी चालवायला पाहिजे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ मध्ये सुरू झाली, देशातली सगळ्यात जुनी हौशी खगोलप्रेमींची संस्था, टिळक रोडवर टिळक स्मारक मंदिरात. ऐंशी वर्षं झाली, माणसं बदलत गेली आणि संस्था चालू आहे, कारण ती पहिल्यापासून मंडळाची आहे, एका कुटुंबाची किंवा एका साहेबाची नाही. सर, तुम्ही शिक्षक आहात, हे काम तुमच्याइतकं चांगलं दुसरं कोण करणार?

प्रश्न : मी बीएस्सी दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्याकडे दुर्बीण नाही आणि घेणं शक्यही नाही. नुसतं आकाश बघून काही खरं काम करता येतं का, की ते फक्त टाइमपासच राहतं? (गारगोटी)

उत्तर : ताई, करता येतं, आणि त्यासाठी तुला एका माणसाची गोष्ट सांगायलाच पाहिजे. राधागोविंद चंद्र, जन्म १८७८, जेसोर जिल्ह्यातल्या बागचर गावचे, आता ते बांगलादेशात आहे. मॅट्रिकसारखी परीक्षा पुन्हा पुन्हा देऊनही पास झाले नाहीत, सरकारी खजिन्यात नाणी तपासायची साधी नोकरी लागली. १९१० चा हॅलेचा धूमकेतू त्यांनी साध्या बायनॉक्युलरने बघितला आणि मग पगारातून साठवून तीन इंची दुर्बीण विलायतेतून मागवली. १९१८ मध्ये गरुड तारकासमूहात नवतारा भडकला तो त्यांना स्वतःच दिसला, कारण रोज बघणाऱ्या माणसाला आकाशात एक ठिपका जास्त झाला तरी कळतो. ती निरीक्षणं त्यांनी हार्वर्डला पाठवली, तिथून अमेरिकेतल्या रूपविकारी तारे बघणाऱ्यांच्या संघटनेत यायचं बोलावणं आलं. रूपविकारी म्हणजे ज्यांचं तेज कमीजास्त होतं असे तारे. १९२६ मध्ये त्या संघटनेने या खजिन्यातल्या कारकुनाला सहा इंची दुर्बीण समुद्रापलीकडून पाठवली. विचार कर, ओळख नाही, भेट नाही, फक्त वहीवर विश्वास. १९५४ पर्यंत त्यांनी ३७,००० च्या वर निरीक्षणं नोंदवली. फाळणीनंतर सगळं सोडून बारासातला यावं लागलं तरी दुर्बीण सोबत होती. शेवटी ती दुर्बीण वेणू बाप्पूंच्या हातात दिली गेली आणि पुढे तमिळनाडूतल्या कावलूरच्या वेधशाळेत पोचली. राधागोविंद १९७५ मध्ये वारले, गरिबीतच. मला विचारशील तर जेसोरच्या त्या अंगणाला वेधशाळाच म्हणायला पाहिजे, घुमट नसला तरी.

आता तू काय करायचंस. मृगातला काक्षी बघ, तो लालसर. २०१९ च्या शेवटी तो फिका पडायला लागला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये तर १.६ प्रतीपर्यंत खाली गेला (प्रत म्हणजे तेजाचा आकडा, तो जितका मोठा तितका तारा फिका), नुसत्या डोळ्यांना फरक कळत होता, आणि जगभरातल्या हौशी लोकांच्या नोंदी शास्त्रज्ञांनी वापरल्या. ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूची धूळ होऊन ती आड आली असं नंतर निघालं. पद्धत सोपी आहे, त्याच्यापेक्षा थोडा तेजस्वी एक तारा आणि थोडा फिका एक तारा निवडायचा, प्रश्वा आणि रोहिणी हे चांगले पडतात, पण तिघं साधारण सारख्या उंचीवर आले की मगच, कारण क्षितिजाजवळ सगळेच फिके दिसतात. मग काक्षी दोघांच्या मधे कुठे बसतो ते ठरवून तारीख, वेळ, प्रत लिहायची. आणि ययातीमधला अल्गॉल बघ. तो दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंद होतो, २.१ वरून ३.४ प्रतीपर्यंत येतो आणि काही तासांत परत उजळतो, कारण त्याचा फिका जोडीदार समोरून जातो. ते एका रात्रीत डोळ्यांसमोर घडताना बघितलंस की टाइमपास हा शब्द परत वापरणार नाहीस. गारगोटीकडचं आकाश अजून काळं आहे, शहरातल्या मुलांना ते मिळत नाही. फक्त नोंद करताना आधीचा आकडा बघून लिहू नकोस, डोळ्यांना जे दिसलं तेच लिही, ढग आले तर ढग लिही. अशी वही दोन-तीन वर्षं ठेवलीस तर ती अमेरिकेतली संघटना आजही चालू आहे, ऑनलाइन नोंदी घेते, आणि डिग्री विचारत नाही.

प्रश्न : अंबाबाईच्या किरणोत्सवाच्या तारखा दरवर्षी त्याच कशा काय असतात? तिथीप्रमाणे का नाही? (महाद्वार रोड)

उत्तर : कारण हा सूर्याचा मामला आहे, चंद्राचा नाही. मंदिर पश्चिमेला तोंड करून आहे, मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून आत देवीच्या मूर्तीपर्यंत येतात, तोच किरणोत्सव, आणि सूर्य दक्षिणेकडे सरकत असताना ९ ते ११ नोव्हेंबरला ज्या जागी मावळतो, परत येताना ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीला पुन्हा साधारण त्याच जागी मावळतो. २१-२२ डिसेंबर मधोमध धरा, दोन्हीकडे साधारण ४१-४२ दिवस निघतात, मोजून बघा. एक इच्छा आहे माझी, उद्या इथे हौशी मंडळ झालं तर त्याने पहिलं काम हे घ्यावं, दरवर्षी दोन्ही वेळेला किरण किती वाजता कुठे पोचले, ढग होते का, धुकं होतं का, वाटेत कुठल्या बांधकामाची सावली आली, हे सलग लिहून ठेवावं. दुर्बीण लागत नाही, आणि अशी सलग वही जितकी जुनी होईल तितकी तिची किंमत वाढते.

प्रश्न : आम्ही सात-आठ मित्र आहोत, मंडळ काढायची तयारी आहे. जागा पन्हाळ्यावर बघू की दुसरीकडे? आणि दुर्बीण केवढी घ्यावी? (राजारामपुरी)

उत्तर : पन्हाळा जवळ आहे, उंच आहे, त्यामुळे मोह होणारच. पण पन्हाळा शहराच्या वायव्येला येतो, म्हणजे कोल्हापूरचा सगळा उजेड तुमच्या आग्नेयेला आणि दक्षिणेच्या बाजूला पसरणार. आणि आपली खरी श्रीमंती दक्षिणेलाच आहे. आपण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहोत, अगस्त्य तारा आपल्याकडे २० अंश वर येतो, त्रिशंकू तारकासमूह दिसतो, मित्र हा तारा दिसतो, ओमेगा सेंटॉरी हा ताऱ्यांचा प्रचंड गुच्छ २५ अंशांच्या वर येतो. स्टेलाफेनच्या टेकडीवर हे काहीच मिळत नाही. म्हणून शहराच्या दक्षिणेला जा, भुदरगडच्या बाजूला जागा शोधा, म्हणजे उजेड उत्तरेला राहील. गगनबावडा मात्र टाळा, आकाश काळं आहे पण पाऊस आणि धुकं एवढं की आरशाचा मुलामा लवकर जाईल आणि भिंगांना बुरशी धरेल. पावसाळ्यात कुठेही असलात तरी ऑप्टिक्स खाली आणून कोरड्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवायचं, यात कंटाळा करायचा नाही.

माउंट बनवणाऱ्याला एक सांगून ठेवा, ध्रुवतारा आपल्याकडे जेमतेम १७ अंशांवर असतो, त्यामुळे ध्रुवाक्ष, म्हणजे ध्रुवाकडे रोखलेला माउंटचा फिरायचा अक्ष, जवळजवळ आडवा येतो. परदेशी ड्रॉइंग तशीच्या तशी उचलली तर तोल जाईल, वजनं आपल्या कोनाप्रमाणे परत काढावी लागतील. शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात चांगलं कास्टिंग करून मिळेल, भक्कम पाहिजे, हात लागला तरी थरथर नको.

आकाराचं म्हणाल तर सुरुवात सहा किंवा आठ इंचांनी करा. मोठी दुर्बीण एकट्याला उचलता येत नाही, मग चारजण जमल्याशिवाय ती बाहेर निघत नाही, आणि चारजण काही रोज जमत नाहीत. तिच्यापेक्षा आधी मंडळाची नोंदणी करा, दुर्बीण मंडळाच्या नावावर घ्या, कुणा एकाच्या नाही, आणि किल्ली दोघांकडे ठेवा. वही एकच ठेवा, सगळ्यांनी त्यातच लिहायचं. उद्यमनगरच्या दादांचा आणि शाहूपुरीच्या सरांचा प्रश्न वर वाचलाच असेल, दोघांची परवानगी घेऊन त्यांचे नंबर तुम्हाला पाठवतो. दसऱ्यानंतर पाऊस उघडला की एका शनिवारी अमावस्येच्या जवळ सगळे मिळून भुदरगडच्या दोन-तीन जागा रात्री जाऊन बघा. दिवसा जागा बघून ठरवू नका, आणि कुठल्या दिशेला कुठला दिवा दिसतो ते लिहून आणा.